जट

बत्तीस वर्षं तिला कात्री लागली नव्हती.
विडीची पानं कापणारी कात्री दिवसभर हातात,
तरी नाही.

निपाणीच्या आमच्या गल्लीत
भरमाक्काची जट म्हणजे आईच आलेली.
तेल नाही, फणी नाही,
मंगळवार-शुक्रवार भंडारा, उदाचा धूर.
झोपताना ती जट उशाशी वेगळी ठेवायची,
दुसऱ्या कुणाचं मूल सांभाळायला घेतल्यासारखी.

मग छातीत गाठ.
बेळगावचा दवाखाना, एकवीस दिवसांनी एक डोस,
पहाटेची लाल बस, संकेश्वरला चहा,
परतताना हत्तरगीपर्यंत पोटात काही टिकलं तर नशीब.

पहिल्या डोसानंतर सतराव्या दिवशी
उशीवर जट एकटीच होती.
भरमाक्का न्हाणीत.
मी तिला हात लावला नाही. चादर तेवढी सारखी केली.

"कोप झाला," दारातनंच दुरगव्वा म्हणाली.
"औषधानं होतंय ते," मी म्हणाले.
फॉर्मवर सही माझी होती,
तरी आवाज माझा वाटला नाही.

भरमाक्का न्हाऊन आली. बराच वेळ बोलली नाही.
मग मानेवरनं हात फिरवत म्हणाली,
"किती जड होती गं.
कुणाला सांगणार?"

मलप्रभेत सोडायची असते ती.
पण भारत हुण्णिमेच्या दिवशीच पुढचा डोस आला.
डोंगराला निघालेल्या गाड्या उदो उदो करत
संकेश्वरला डावीकडं वळल्या, आमची बस सरळ गेली.
जट हिरव्या खणात, खण पिशवीत,
वर रिपोर्ट.

वॉर्डात सिस्टर कन्नडातनं विचारते, "नोव ऐतेनु?"
भरमाक्का मराठीतनं सांगते, कुठं, किती.
दोघींचं जमतं.
देवीशीही तिचं असंच चाललेलं, सगळा जन्म:
पदं कन्नड, गाऱ्हाणं मराठी.

मी भंडाऱ्याची पुडी सोडली.
सिस्टरनं मान हलवली. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात,
पूड नको, काहीच नको.
पुडी मिटली. हात पुसले, त्या दवाखान्याच्या वासाच्या पाण्यानं,
आणि नुसतंच बोट टेकवलं
कपाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं तिथं.

"लागला?" डोळे मिटूनच तिनं विचारलं.
"लागला."

सिस्टर सलाइनचे थेंब मोजत होती.
मोजून झाल्यावरही
उभी होती.