किती टक्के रुतले आहेत दगड

सकाळी साडेआठला पाण्याचं तापमान बावीस.
पेन्सिलनेच लिहायचं. शाईचा कागद व्हाळात पडला
की कोरा होतो, हे गेल्या डिसेंबरात शिकले.

रिवणच्या पुढे, बंद खाणीच्या कुंपणाखालून
तो पोफळींत उतरतो. नाव नाही त्याला.
पत्रकात नावाची जागा आहे म्हणून
वेलेन्सियाने लिहिलं : वेळिपांचा व्हाळ.

वासासाठी चार चौकोन :
काही नाही, मातीचा, कुजका, तेलाचा.
आंबलेल्या सुपारीच्या सालीचा नाही.
मी मातीचा धरते. ही पहिली तडजोड.

मग पाय मारून दगड हलवायचे,
खाली जाळी धरायची, घड्याळ लावून तीन मिनिटं.
पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की
आधी नुसता कचरा दिसतो.
थांबायचं.
कचऱ्यातली एक काटकी चालू लागते.

तीन शेपट्या, मॅडम. पुन्हा मोज.
तीनच. तिला दहा गुण.
आणि ही दोन शेपट्यांची, चपटी, पिवळट,
थंड धावत्या पाण्याशिवाय जिचा श्वास अडतो,
ती एकच.
एकच असली तरी गुण तेवढेच.

तानू वेळीप काठावर बसून बघतात.
खाण चालू होती तेव्हा पाटाला लाल ताक यायचं,
पोफळीच्या आळ्यात साय धरायची त्याची.
तुम्ही कसं ओळखायचात? मी विचारते.
ते हसतात. पाय घालायचा दगडाखाली.
कुर्ली चावली तर व्हाळ बरो आसा.
चावायची थांबली तेव्हाच मला कळलं, बाय.
तुमचा कागद सात वर्षांनी आला.

खाली, मोरीपलीकडे, कपड्यांच्या दगडापाशी
शांपूच्या पुड्या, एक तुटका टूथब्रश,
आणि गाळात लाल अळ्या.
त्या लाल का? वेलेन्सियाला परीक्षेपुरतं माहीत आहे :
पाण्यात प्राणवायू उरत नाही
तेव्हा रक्तात साठवून ठेवावा लागतो.
मोठ्याने म्हणाली आणि मग गप्प झाली.
दगडावर तानूंची सून होती. तिने पुडी
पदराखाली घेतली. मी ट्रे विसळत राहिले.

बेरीज : वर चौऱ्याऐंशी, खाली एकोणीस.
मधलं अंतर तीनशे मीटर,
आणि त्यात सगळा दोष खाणीचा नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

एक प्रश्न राहिला होता.
दगड गाळात किती टक्के रुतले आहेत.
हात घालून चाचपायचं असतं.
बोटं जिथे थांबतात तिथवर व्हाळ,
त्याखाली डोंगराची पूड,
कुणाच्या जहाजात न गेलेली.
एक दगड सुटत नव्हता. ओढला.
त्याच्या पोटाला चिकटलेली एक नळी,
तांदळाच्या दाण्याएवढी. आत अळी.
घर बांधताना जे हाताशी आलं ते तिने लावलं आहे,
खडा, खडा, एकावर एक,
सगळे काळे, लोखंडी. उन्हात धरलं तर चमकतात.

नियमाने हिला अल्कोहोलात टाकायला हवी.
बाटली उघडली, चिठ्ठीवर तारीख घातली.
मग दगड होता तसा,
त्याच खाचेत, लाल बाजू खाली करून ठेवला.
बाटलीत रिकामं अल्कोहोल आणि तारीख.

निघताना तानूंच्या वरच्या वळणाला
बूट काढले. पाय घातला दगडाखाली.
गार. आणखी गार.
काठावर वेलेन्सिया पेन्सिल घेऊन.
तीन मिनिटं झाली, मॅडम. रुतलेले किती लिहू?
अंगठ्यावरून काहीतरी चालत गेलं. चावलं नाही.
थांब जरा, मी म्हटलं.