जोडावरचा शिक्का

एरंडोलच्या कागदीपुऱ्यात आता एकच हौद उरलाय,
त्यातही कोंबड्या झोपतात.
शहाबुद्दीनमिया तरी मला कागद काढून देतात,
तागाचा, अकिकाच्या गोट्यानं घोटलेला,
बोटाला जरा गार लागणारा.
"खळीत मोरचूद घाल," दर वेळी सांगतात,
"नाहीतर कसर आधी जोड खाते, मग अक्षर."

जोडच तर माझं काम.

वडील धुळ्याला कचेरीत होते.
एकोणसाठ साली वरून हुकूम आला,
भेंडोळी कपाटात मावत नाहीत, फायली करा.
वडिलांनी पट्टी घेतली, पातं घेतलं
आणि वीस-वीस हात लांब कागद
जिथे जोड तिथे कापले.
नीट कापले. त्यांचा हात फार नीट होता.
पुढे तेच कागद निकामी ठरले,
तेव्हा तीन पोती घरी आणून माळ्यावर ठेवली
आणि जेवायला बसले.

जुने कारकून दोन बंद चिकटवताना
वरचा खालच्यावर चढवत,
म्हणजे बोरू जोडावरून उतरतो, अडखळत नाही.
मिसर देशातही असंच काहीसं करत म्हणे,
बोरूला आडवी चढण लागू नये म्हणून,
नदीकाठचं लव्हाळं चिरून, उभं-आडवं ठोकून
त्याचाच कागद, त्याचीच गुंडाळी.
लव्हाळं तर अंजनीच्या पात्रातही ढीगभर आहे.
एका उन्हाळ्यात मी करून पाहिलं.
धड चटईसुद्धा झाली नाही.

आणि कागदाच्या पाठीवर, बरोबर जोडावर
शिक्का मारत, अर्धा या बंदावर, अर्धा त्या,
मधला बंद कुणी गुपचूप काढू नये म्हणून.
चोरासाठी केलेली ही तजवीज.
पट्टी घेऊन बसलेल्या प्रामाणिक माणसाचा
कुणी विचारच केला नव्हता.

आता माझ्याकडे अकराशे पानं,
प्रत्येकाच्या माथ्याला अर्धा शिक्का, पायाला अर्धा.
मी अर्ध्याला अर्धं लावून बघतो.
शाई फुटलेली, कड झिजलेली,
कधी वाटतं बसलं, आणि एक काना जास्त निघतो.
चौदा वर्षांत सतरा भेंडोळी पुरी झाली.
वडील शेवटच्या वर्षी खुर्ची ओढून शेजारी बसायचे.
एकदा मी उलटं चिकटवत होतो
तर अंगठ्यानं कागद सरकवला.
"वरचा वर," एवढंच म्हणाले.

परवा कासाऱ्याहून दगाजी सोनवणे आले,
पांझरेच्या फडावर आयुष्यभर पाटकरी.
"आम्हनी पानीनी पाळी शे का यामा, भाऊ?"
होती. मी वाचत गेलो,
एका हातानं उलगडत, दुसऱ्यानं गुंडाळत:
बंधाऱ्यापासून पहिला फड, दिवसाचं पाणी,
दुसरा फड, त्याची बारी, त्याचा जागल्या,
तिसऱ्या फडास रात्रीचे पाणी दोन प्रहर, त्याउपरी
इथे कागद संपला.
अर्धा शिक्का, आणि खाली माझं टेबल.

"मंग?"
"पुढचं पान सापडत नाही. कापलंय."
कुणी कापलं ते मी सांगितलं नाही.
ते बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिले,
बांध फुटल्या जागी बघावं तसं.
मग टोपी झटकली.
"पानी ते खालेच जाई ना, भाऊ."

ते गेल्यावर मी शहाबुद्दीनमियांचा एक कोरा ताव घेतला,
खळ लावली, वरचा वर,
आणि त्या 'त्याउपरी'खाली चिकटवला.
त्यावर काही लिहिणार नाही.
शिक्काही अर्धाच राहील.

सकाळी पाहिलं तर खळ सुकली होती.
साठ वर्षं फायलीत ताठ पडलेलं ते पान
एका कोपऱ्यातून हळूच वळायला लागलं होतं,
आणि कोऱ्या तावालाही ओढत होतं आत.
मी वजन ठेवायला दगड उचलला,
तो हातातच राहिला.