सोमवारपर्यंतची यादी

प्रणिता,
दहा पुस्तकं सांगा म्हणालीस,
सरांना सोमवारी दाखवायची आहेत.
मी कोर्लईच्या शाळेत तीस वर्षं पाढे घोकून घेतले,
आणि चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्या खुंटीला असते,
एवढ्यावरून तू मला विद्वान ठरवलंस.
असो. लिहून घे.

पहिलं, पातळ असेल ते वाच.
जाड आधी उघडलंस तर रोमच्या सम्राटांतच अडकशील,
आणि त्या तळ्याकाठी
जिथे काही कोळी रिकामी जाळी धूत बसले होते
तिथवर पोचणार नाहीस.
तू नाखवाची पोर.
रात्रभर काही लागलं नाही की
सकाळी बापाचं तोंड कसं होतं, तुला ठाऊक आहे.
ते पान तू माझ्यापेक्षा बरं वाचशील.

मग सम्राटांचं. वाचावंच लागतं.
ते संपलं त्या आठवड्यात मी मिस्साला गेलो नाही.
पुढच्या रविवारी गेलो,
घंटा वाजवायला कोणी नव्हतं.

मग भांडणांचं एक.
एका शब्दातल्या एका अक्षरावरून
सभा भरल्या, म्हातारे बिशप हद्दपार झाले.
हसू नकोस.
शिमग्याची पालखी आधी कुणाच्या अंगणात टेकायची
यावरून तुमच्या आळीत दोन घरं
अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

पूर्वेकडचं एखादं शोध.
मिरीच्या गलबतांतून, वाऱ्याची वाट बघत
इकडे आलेल्या प्रार्थनांबद्दलचं.
अलिबागच्या वाचनालयात नाही. मी दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा त्यांनी मला पाककृतींचं कपाट दाखवलं.

आता आमचं.
दोन घे आणि एकाच आठवड्यात वाच.
एक पाद्र्यानं लिहिलेलं,
त्यात सगळे आपणहून पाण्यापुढे डोकं झुकवतात.
एक त्याच्यावर संतापलेलं,
त्यात सगळ्यांची डोकी धरून झुकवली जातात.
दोन्ही लेखकांचं अक्षर ठाम आहे.
माझा खापरपणजा दोन्हींत नाही.

तो रजिस्टरात आहे.
एका दिवशी अकरा जणांना पाणी लावलं,
अकराही मानुएल.
पाद्री दमला असेल, किंवा त्याच्या भावाचं नाव असेल.
आधीचं नाव बाजूला, बारीक, खोडलेलं.
मी भिंग घेऊन एक अख्खा मे महिना बसलो.
पहिलं अक्षर आर असावं. किंवा बी.
पुढे वाळवी.
माझ्या भावानं, इनासनं, त्या पानाची झेरॉक्स
जमिनीच्या दाव्यात लावली होती.
वकील म्हणाला, आधीचं नाव दिसत नाही
तेच बरं आहे.

आणि नॉ लिंग, म्हणजे आमची बोली,
तिच्यातलं पुस्तक विचारू नकोस.
कातरीन मावशीकडे जा, जेवणं उरकल्यावर.
ती राजाची गोष्ट सांगते,
राजा पोर्तुगीज, घोडा मराठी,
आणि घोडाच जास्त बोलतो.
मध्येच थांबवून सन विचारू नकोस.
तिला ऐकू येत नाही,
आणि आलं तरी ती सांगणार नाही.

मोजलीस? दहा होत नाहीत.
उरलेली सरांना आवडतील अशी
मागच्या पानावर लिहून ठेवलीत,
इंग्रजी, महाग, कडक पुठ्ठ्याची.
त्यातलं एक मी अर्ध्यात सोडलंय, कुठलं ते सांगत नाही.
मावशीचं नाव यादीत घालू नकोस.
प्रकाशक कोण विचारतील.

रजिस्टर बघायचं असेल तर शनिवारी ये,
पूल ओलांडल्यावर चालतच ये, रिक्षावाले फार मागतात.
हात गोड्या पाण्यानं धुऊन ये,
मीठ लागलं की कागद ओल धरतो.
आणि बापाला विचार,
जवळा सुकला का.