चार खाटा

पाचपावलीच्या पुलाखाली, सायकलच्या दुकानाला लागून
हेडाऊ डॉक्टरीणबाईंचं हॉस्पिटल. खाटा चार.
पाटीवर होतं प्रसूतिगृह. एका वादळात 'प्र' उडाला,
उरलं सूतिगृह.
अर्थ तोच राहतो, म्हणाल्या बाई, रंगाऱ्याचे पैसे वाचले.

मी तिथला कोणी नाही.
होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवतो,
वाळ्याच्या ताट्या बदलतो, पंपातला गाळ काढतो,
आणि बाई दरवर्षी तीस रुपये कमी देतात.

मे महिना. सत्तेचाळीस.
डांबरात चप्पल रुतत होती.
दोन वाजता लाईट गेली.
कुठंतरी काही मोठं जळालं म्हणे, इतकं मोठं
की ते उचलायला त्याहून मोठं काही
दुसऱ्या जिल्ह्यातून यायचं होतं.

रस्त्यापलीकडं ते नवं हॉस्पिटल, अकरा मजली.
त्याच्या काचांत आभाळ तोंड पाहतं,
पण एकही उघडत नाही.
गार हवा बाहेर सांडू नये म्हणून कडीच ठेवली नाही.
जनरेटर तीन तास चालला, मग त्यानंही मान टाकली.
त्यांच्या साहेबांनी फोन लावला वरच्या साहेबांना,
वरच्यांनी पुण्याला, पुण्यानं हैदराबादला,
डिझेलच्या कागदावर सही कोणाची
हे ठरेस्तोवर सहा वाजले.

बाईंनी फोन केला नाही.
त्यांच्या वर होतं कोण? कवेलू.
त्यांनी फक्त हाक मारली,
"कुंदे, खिडक्या उघड. सगळ्या."
सगळ्या म्हणजे पाच.
"रांजण अंदर घे. लुगडी भिजव.
आन् तू काय पाहून राह्यला बे? लोटा उचल."

मी ताट्यांवर लोट्यानं पाणी ओतू लागलो.
लू यायची ती तणतणत,
वाळ्यातून निघेस्तोवर तिचा राग उतरायचा.

साडेसहाला पहिली आली,
सातव्या मजल्यावरून जिने उतरत,
एक हात पोटाखाली, दुसऱ्यात अजून सलाईनची सुई.
मग दुसरी. मग एकीची सासू नुसतीच बसायला.

इथं ही गोष्ट गोड व्हायला पाहते.
होऊ देत नाही.
खाटा चारच होत्या.
पाचवी फरशीवर निजली,
सहावी व्हरांड्यात माझ्या ताट्यांच्या गठ्ठ्यावर,
आणि सातवीला बाईंनी दारातच हात जोडले,
"माह्यापाशी जागा नाही वं माय."
ऑटोत बसवून तिला मेयोकडं पाठवलं.
नाव विचारायचं राहून गेलं.
अजून त्या वळणावर ऑटो दिसला
की मी आत डोकावतो.

रात्री नऊ पन्नासला,
टॉर्च माझ्या हातात, तोंड भिंतीकडं,
एक पोट्टी जन्मली.
दोन किलो शंभर.
आई रडायला लागली, एवढीशीच कशी?
बाई हात पुसत म्हणाल्या,
"एवढीशी होती म्हणून सुटली.
चार किलोची अडली असती
तर मी टॉर्चच्या उजेडात काय केलं असतं?
थेटर बंद, रक्ताची बाटली नाही."

मी कूलरवाला. मला त्यातलं काय कळते?
पण त्या रात्री पुलावरून पाहिलं,
अख्खं शहर काळं,
आणि खाली पाच खिडक्यांत पाच कंदील,
मोजता येतील इतके,
म्हणून एकही विझला तर लगेच कळेल इतके.

तिसऱ्या दिवशी लाईट आली. काचांत परत आभाळ.
आठवड्यानं तिकडचे टायवाले मिठाई घेऊन आले,
"मॅडम, आमच्यात या. पूर्ण तळमजला देतो."
बाईंनी डब्यातला एक पेढा कुंदेला दिला, एक मला,
आणि विचारलं,
"तुमची खिडकी उघडते काय?"

त्यानं ते डायरीत लिहून घेतलं.

मला यंदाही तीस रुपये कमीच मिळाले.