लोकरीचे कोट

वारा थांबला तेव्हा पहिल्यांदा कळलं
की समोरच्या डोंगरावर कुणाचं तरी पिवळं घर आहे.
बावन्न वर्षं मी याच खिडकीत शिवणयंत्र चालवलं.
मधे झाडं होती.
आता डोंगर सोललेला, तपकिरी,
जळल्यासारखा, आणि जळालं तर काहीच नव्हतं.
पिवळ्या घराला छप्पर नव्हतं.
त्यांनाही माझं दिसलं असेल,
नसलेलं.

पोपट खाली गावात आले,
भुकेले, भांडखोर.
त्या आठवड्यात डॉमिनिकात हिरवं असं तेवढंच.
म्हाताऱ्या कथबर्टनं त्यांना
वाट्याला आलेल्या डब्यातले मक्याचे दाणे टाकले,
आणि सून त्याला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलली.
दोघंही नंतर एकाच पायरीवर बसून रडली.

नवव्या दिवशी जहाज आलं.
शाळेच्या ओट्यावर रांग.
युलाली टूसां, वय एकाहत्तर, माणसं एक.
"माणसं एक" हे त्या पोरानं जरा मोठ्यानंच वाचलं.
तांदूळ, साबण, दोन मेणबत्त्या, निळी ताडपत्री,
आणि सगळ्यांत मिळून एक खोकं:
कोट.
लोकरीचे, जाडजूड, गुडघ्याच्या खाली येणारे,
एकाच्या गळ्याला तर कसल्याशा जनावराची फर.
आम्ही उभ्या उभ्या घामानं निथळत होतो.

शर्लिननं एक चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली
आणि चिखलातून राणीसारखी चालत गेली.
नऊ दिवसांनी गाव हसलं.
मीही हसले, आणि हसता हसता असा संताप आला
की ताडपत्री हातातून गळून पडली.

कॅमेरावाला म्हणाला, आजी, खोकं जरा वर धरा, हसा.
धर्माची गाय, दात का नाय?
घ्या.
मी सगळे दात दाखवले.
उरलेत तेवढे.

रात्री झोप येईना. वर चांदण्या, थेट.
आणि आठवलं,
शेजारच्या बेटावरचा डोंगर फुटला होता त्या वर्षी,
राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडायची.
चर्चमधून गोणी फिरली घरोघर.
मी काय टाकलं होतं तिच्यात?
एक पडदा, ज्याचा रंग मला आवडेनासा झाला होता.
आणि चेन बिघडलेली एक पँट.
मी. शिंपीण.
पाच मिनिटांचं काम होतं.
दिली तशीच, आणि त्या रात्री
फार छान झोप लागली होती.

कुणी तरी घातली असेल ना ती,
एका हातानं पुढून धरून,
रांगेत.

सकाळी यंत्रातला चिखल काडीनं काढला, खोबरेल घातलं.
कोट उसवायला घेतले.
एका खिशात खोकल्याच्या गोळीचा कागद,
एकाच हाताचा मोजा,
कुठल्याशा गावातल्या थंडीचा वास.
अस्तरं गुळगुळीत, त्यांच्या चादरी झाल्या.
लोकरीचे चौकोन कापले तळहाताएवढे:
खिळ्याखाली एकेक ठेवला की ताडपत्री फाटत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पहिल्या दिवशी फाटली, तीच बोलली.
फर कथबर्टच्या सुनेनं नेली. कशाला, ते विचारलं नाही.

पिवळ्या घरावरही आता निळं आलं आहे.
संध्याकाळी तिथं कुणी बाई उभी राहते,
हात हलवते, की नुसता डास मारते,
एवढ्या लांबून कळत नाही.
मी मात्र हलवते.

आता खोडांना पालवी फुटली,
फांदीवर नाही, थेट खोडाला, जिथं जमेल तिथं, वेड्यासारखी.
सगळे म्हणतात, बघा, हिरवं होतंय.
होतंय.
आज पिवळ्या भिंतीचा कोपराच तेवढा दिसला, पानांमधून.
मी काही कोयता घेऊन गेले नाही.
खुर्ची फक्त वीतभर डावीकडे सरकवली.