कानस आणि कापूस

आमच्या गल्लीत पोरीचं नाव तरन्नुमच ठेवणार,
दुसरं काय.
सातव्या दिवशी आत्यानं ते कानात सांगितलं,
दचकून जी रडली ती मगरिबपर्यंत.
तेव्हाच कळायला हवं होतं.

मिरजेत आमच्याकडं सकाळ आवाजानं होते.
समोर तार ताणून बघतात, शेजारी रंधा,
माझ्या हातात कानस.
घोडीवर फिरली की हाडाचं पीठ पडतं,
पांढरं, मैद्यासारखं,
आणि जो चिरका आवाज निघतो
तो तीस वर्षांत मी ऐकलेलाच नाही.
तो तिनं ऐकला.
माझ्या वाटचासुद्धा.

सहा वर्षांची होईतो ती भोपळ्यात राहिली.
म्हणजे खरंच.
भीमेकाठाहून ट्रकनं येतात वाळलेले भोपळे;
मोठ्या तंबोऱ्याचा, कापलेला, आतून खरवडलेला,
त्यात डोकं घालून पडायची.
त्या अंधाराचा कडसर वास तिच्या केसांना असायचा.
एकदा मी पाय धरून बाहेर ओढलं.
एकदाच.
ते अजून माझ्या हातांना आहे.

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी फॉर्म भरला.
डोळ्यांत बघते का? नाही.
हाकेला वळते का? हळू मारली तर.
एकच खेळ तासन्‌तास?
दोऱ्यांचे तुकडे. लांबीप्रमाणे.
मग म्हणाल्या, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.
येताना विश्रामबागपासून मी तो शब्द चघळत होतो.
स्व. मग्न.
ज्यानं केला त्याला माझी पोरगी भेटली नसावी.
पंख्याच्या तिसऱ्या पात्याची टिकटिक,
ट्यूबलाइटची गुणगुण,
खालच्या घरात कुणी पापड भाजतंय ते,
फ्रॉकच्या मानेवरची चिठ्ठी,
ही स्वतःत मग्न?
स्वतःपुरती जागाच उरत नाही तिला.

नातेवाईक म्हणाले, गाण्यात पुढं जाईल बघ,
अशी पोरं एकेक वस्ताद निघतात.
नाही निघाली.
तिला गाणं आवडत नाही.
दहीभात आवडतो, जिना आवडतो
सातवी पायरी सोडून.
सातवीचं काय झालंय ते विचारायचं नाही.

जवारी म्हणजे काय, गिऱ्हाइकं विचारतात.
मी सांगतो, घोडी आणि तारेमध्ये दोरा सरकवायचा,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
एका जागी तार उघडते.
सांगताना पोरीची उपमा जिभेवर येते.
गिळतो.
ती तंबोरा नाही. तिला लावायचं नाहीये.

घरात मात्र बरंच सरकवलं.
कुकर मागच्या खोलीत. दाराची बेल काढली.
उरुसाचे दिवस मावशीकडं, तासगावला.
कानस ती शाळेत असताना.

परवा शाळेला अचानक सुट्टी.
पुण्याचं गिऱ्हाईक रात्रीच्या गाडीनं येणार,
दोन घोड्या बाकी,
मी हात गुडघ्यांत धरून बसलेलो.
ती आली.
फळीवरची कानस तिनंच काढली,
टोकाला धरून, मेलेली पाल धरावी तशी,
माझ्यासमोर ठेवली.
उशीतला कापूस उपसला,
बोळे केले, आपल्या कानांत घातले.
मग आणखी दोन केले.
माझे कान तिनं आजवर कधी शिवले नव्हते.
डावा.
मग उजवा. नीट, आतपर्यंत.
तिला वाटलं असणार,
अब्बूलाही दुखतच असणार, रोज.

कान बंद करून जवारी लागत नाही
हे तिला कोण सांगणार.
त्या दुपारी नाही लावली.
पाठीला पाठ टेकून बसलो,
मध्ये पांढरं पीठ,
कापसातून माझंच रक्त चालताना ऐकू येत होतं.

गिऱ्हाईक थोडं बडबडलं.
राहिलं एक दिवस लॉजवर.