अलंकार ओळखा (गुण दोन)

रात्रशाळेची दहावी. साखर पेठ. साडेसात.
फळ्यावर मी लिहितो:
उपमेय, उपमान, साधर्म्य, साधर्म्यवाचक शब्द.
'सम', 'वाणी', 'परी' दिसलं की उपमा,
'जणू', 'गमे' दिसलं की उत्प्रेक्षा.
एवढं पाठ करा, दोन गुण कुठे जात नाहीत.
तेवीस वर्षं हेच वाक्य.
खडूसुद्धा आता माझ्या आवाजात किरकिरतो.

"अनुप्रास म्हणजे?"
मागच्या बाकावरून कुणीतरी:
"खिडकी उघडा की वो सर."
उघडली.
खटक् खटक् खटक् खटक्,
गल्लीतले सगळे माग एकाच अक्षरावर.

श्लेषाशी नरसूबाई येमूल अडल्या.
वय त्रेचाळीस, बोटांना तंबाखूचा वास,
घरात तेलुगू, वहीत मराठी.
"एक शब्द, दोन अर्थ. मग हे बघा:
मी दिवसाला हजार विड्या वळते,
आणि सासू म्हणायची, हिला वळण नाही.
तुम्हीपण वहीत तेच लिवलंय, अक्षराला वळण नाही.
हे तीन झाले, सर.
तिसऱ्याचा गुण मिळतो का?"

वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

पुढे चेतनगुणोक्ती.
निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, म्हणजे
ढग रुसतो, वाट वाकून बघते, वगैरे.
श्रीनिवास मेरगूनं हात वर केला,
टॉवेलच्या कारखान्यातून तसाच आलेला,
भुवयांवर कापूस.
"आणि उलटं असलं तर?
माणूसच वस्तूसारखा वागला तर?"
उदाहरण दे, म्हटलं.

तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीतला अनुप्रास मधेच तुटला.
कान दुखावेत इतकं शांत झालं.
काळोखातून तो म्हणाला,
"आत्ता आमचे बाबा बंद पडले असतील.
मागापाशी, उभ्या जागी, हात तसाच वर.
लाइट आली की चालू होतील."

अतिशयोक्ती, असं ओठांवर आलं होतं.
स्वभावोक्ती, असंही.
पुस्तक हातात होतं, दिसत नव्हतं;
दिसलं असतं तरी
त्या पानावर हे नव्हतं.

लाइट आली. खटक्.
नरसूबाईंची वही मी मागून घेतली.
गोल गोल मराठी, प्रत्येक अक्षर
विडीसारखं दाबून, टोक आत मुडपलेलं.
उपमा झाली ही, माझ्या ध्यानात आलं.
खाली माझाच लाल शेरा.
रबर घासून बघितलं.
कागद तेवढा झिजला.